15 रुपयांचा सातबारा

[दृश्य: करमाळा तालुका, सोलापूर जिल्हा. जूनमधली सकाळ. एसटी स्टँडजवळचं सेवा केंद्र, शटर अर्धंच वर.]

हे अर्धं शटर दिसतंय ना, ते साडेनऊला पूर्ण उघडणार, पण लोक आठपासूनच पायरीवर बसलेत. जून म्हणजे दाखल्यांचा सीझन. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, जातीचा दाखला, पोरांची अ‍ॅडमिशन अडलेली आणि आईबापांची मजुरी बुडालेली. बोर्डावर लिहिलंय 'आपले सरकार सेवा केंद्र', पण गावात कोणाच्या तोंडी हे नाव नाही, सगळे म्हणतात "सेतूत जाऊन ये". आणि सेतूत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं, तर "सर्व्हर डाऊनये, दुपारून या".

यातली बरीच कामं घरी बसून मोबाइलवर होतात, आणि हे सांगायलाच हा व्हिडिओ. पण 'घरबसल्या करा, फक्त 5 मिनिटांत' असलं काही मी सांगणार नाहीये. असले व्हिडिओ मामांनी ढिगानं बघितलेत आणि त्यानंतर मला फोन केलाय.

[दृश्य: मामांचा वाडा, ओटा. मामा मोबाइल लांब धरून बघतायत.]

हे माझे मामा. पाच एकर, त्यात दोन एकर ऊस. गोष्ट सुरू होते 2025 च्या एप्रिलपासून, कारण तेव्हापासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागायला लागला, म्हणजे तो फार्मर आयडी. मामा आधार घेऊन गेले नोंदणी करायला, आणि कळलं की त्यांच्या नावावर जमीनच नाही. सातबारा अजून आजोबांच्या नावावर. आजोबा वारले 2009 ला.

आता तुम्ही म्हणाल इतकी वर्षं कोणी बघितलंच नाही का. बघितलं होतं की. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतः अ‍ॅपमधून पिकाचा फोटो काढून नोंद करायची, तेव्हापासून मामा दर हंगामाला बांधावर उभे राहून फोटो काढतात, अ‍ॅप विचारतं खातेदार निवडा, मामा आजोबांचं नाव निवडतात, आणि आजोबा दरवर्षी इमानेइतबारे ऊस लावतात. कोणाला खटकलं नाही. मलाही नाही, खरं सांगते.

[दृश्य: मोबाइल स्क्रीन. महाभूलेखचं पान.]

तर पहिली गोष्ट, सातबारा बघायचा कुठं. महाभूलेख या सरकारी साइटवर जायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, मग गट नंबर टाका किंवा नाव. गट नंबर माहीत असेल तर तोच टाका, नावानं शोधायला गेलात तर ऱ्हस्व-दीर्घाचा खेळ सुरू होतो, रेकॉर्डला वेलांटी पहिली आणि तुम्ही टाकली दुसरी की तुमची जमीन गायब! हा सातबारा फुकट, पण फक्त माहितीसाठी, बँकेत किंवा कोर्टात दाखवायला चालत नाही.

कामाचा पाहिजे असेल तर डिजिटल सही असलेला घ्या. तो महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवर, मोबाइल नंबर टाकून ओटीपीनं लॉगिन होतं, आधी थोडे पैसे खात्यात भरून ठेवायचे आणि एका सातबाऱ्याला 15 रुपये कट होतात. त्यावर क्यूआर कोड असतो, पडताळणी क्रमांक असतो, समोरच्याला शंका आली तर त्यानं तो नंबर टाकून स्वतः खात्री करावी. तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही. मामांनी याच कागदाचे एका ठिकाणी 100 रुपये दिले होते, वर चहा पाजला होता त्याला.

आणि एक, वेबसाइटचा पत्ता बघत चला. सरकारी साइटच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. गूगलवर वर वर येणाऱ्या बऱ्याच साइट दिसायला सेम असतात, त्यांना फक्त तुमचा नंबर पाहिजे असतो.

[दृश्य: जुनं कापडी बोचकं, त्यातून कागद निघतायत.]

आता सातबारा म्हणजे नक्की काय, हे मला स्वतःला हे काम करताना कळलं. गावाच्या दप्तरात नमुने असतात, त्यातला 7 नंबर म्हणजे जमीन कोणाची, आणि 12 नंबर म्हणजे त्यात पीक काय. दोन्ही एकाच कागदावर म्हणून सातबारा. 8अ म्हणजे तुमच्या खात्यावर गावात एकूण जमीन किती. आणि 6 नंबर म्हणजे फेरफार, मालकी का बदलली, कशी बदलली, त्याचा सगळा इतिहास. भांडणं असतात ती सगळी या 6 नंबरात.

मामांना पाहिजे होती वारस नोंद. त्याला मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, पत्ते आणि स्वयंघोषणापत्र. अर्ज तलाठ्याकडे देता येतो, म्हणजे आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीआप्पाच. ऑनलाइन करायचं तर ई-हक्क नावाची प्रणाली आहे. 2025 ला सरकारनं 'जिवंत सातबारा' म्हणून मोहीम काढली, बुलढाण्यातल्या चिखली तालुक्यात आधी केली आणि 1 एप्रिलपासून सगळ्या राज्यात, मयत खातेदारांची यादी चावडीवर वाचायची आणि वारस लावायचे. आमच्या आजोबांचं नाव त्या यादीत. मामा म्हणाले, "बघ, सरकारला आठवण आहे, आपल्यालाच नव्हती."

फॉर्म मी भरायला बसले. वारसांची नावं. मामांनी स्वतःचं सांगितलं, धाकट्या मामांचं सांगितलं, आणि थांबले.

मी म्हटलं, "आणि आई? मावशी?"

मामा म्हणाले, "त्या सोडून देणारेत ना गं. मग कशाला उगंच."

सोडून देणारेत हे कोणी विचारलं होतं? कोणीच नाही. आमच्यात हे असं गृहीतच असतं, रक्षाबंधनाला साडी मिळते ना, झालं मग. पण कायद्यात बहिणी वारस आहेत म्हणजे आहेत, हक्क सोडायचाच असेल तर आधी नाव लागू द्या आणि मग ज्याला सोडायचा त्यानं स्वतः जाऊन रजिस्टर हक्कसोडपत्र करावं. वारस लपवून अर्ज केला आणि उद्या कोणी हरकत घेतली तर नोंद अडकते, शिवाय खोटं स्वयंघोषणापत्र दिल्याचा विषय वेगळाच. मी हे सगळं मामांना कायद्याच्या भाषेत सांगत बसले आणि मामी आतून म्हणाली, "चार नावं टाक आणि मोकळी हो, भाकरी थंड होतीये."

चार नावं टाकली.

[दृश्य: चावडीची भिंत, नोटीस बोर्ड. मग मोबाइलवर 'आपली चावडी'.]

फेरफार धरला की नोटीस निघते, 15 दिवसांत कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी म्हणजे सर्कल नोंद मंजूर करतात. ही नोटीस चावडीवर लागते, आणि आता 'आपली चावडी' या पानावर ऑनलाइन पण दिसते, लॉगिन लागत नाही. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनो, गावाकडं जमीन असेल तर बाकी काही करू नका पण महिन्यातून एकदा हे पान उघडून आपला गट बघत जा. तुमच्या गटावर कोणी काय नोंद टाकतंय ते हरकतीच्या मुदतीतच कळलेलं बरं, नंतर अपिलाच्या तारखा मोजत बसावं लागतं.

[दृश्य: परत सेवा केंद्र. मामांची मुलगी फाइल घेऊन.]

तेवढ्यात दुसरं काम निघालं. मामांच्या मुलीला हॉस्टेलसाठी उत्पन्नाचा दाखला. 'आपले सरकार' पोर्टलवर घरूनच अर्ज केला, अर्धा तास गेला नुसता फोटोत, कारण फोटो 5 ते 20 केबीतच पाहिजे, आणि आजकालच्या मोबाइलचा फोटो 4 एमबीचा. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून, स्क्रीनशॉट काढून, कापून कापून बसवला.

मग 15 दिवस झाले, दाखला नाही. सेतूवाला म्हणाला साहेब मीटिंगला गेलेत. इथं बहुतेक जण काय करतात तर परत चक्कर मारतात. पण 2015 पासून आपल्याकडे लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. अर्ज केला की पावती मिळते, तिच्यावर अर्ज क्रमांक असतो. ती पावती जपा, दाखल्यापेक्षा जास्त जपा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला की 30 दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याच पोर्टलवरून होतं, ते जातं त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिथं नाही झालं तर दुसरं, आणि तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर केला असं ठरलं तर संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. ऑफिसबाहेर कुठली सेवा, किती फी, किती दिवस याचा बोर्ड लावणं पण बंधनकारक आहे, कधीतरी वाचा, बहुतेक वेळा कपाटामागं असतो.

आम्ही पहिलं अपील टाकलं. चौथ्या दिवशी दाखला डाऊनलोड झाला. साहेबांची मीटिंग संपली असणार.

[दृश्य: संध्याकाळ. पुण्यातलं आमचं घर. आई चष्मा पुसतीये.]

वारस नोंद मंजूर झाली त्या संध्याकाळी मी 15 रुपये भरून सातबारा काढला आणि आईच्या हातात मोबाइल दिला. तिनं दोन बोटांनी मोठं केलं, आधी दोन्ही भावांची नावं वाचली, मग मावशीचं, मग स्वतःचं, माहेरच्या गावच्या कागदावर पहिल्यांदाच. बराच वेळ काही बोलली नाही. मग बोट वर सरकवत आजोबांच्या नावापाशी थांबली. 2020 ला सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून कमी झालेल्या नावावर आडवी रेघ येते, आधी नुसता कंस असायचा.

म्हणाली, "रेघ कशाला मारली गं? कंसच बरा होता."