बोल्ट फिरतोय, पण टाईट होईना

(पडद्यावर: सांगली-मिरज रोडचं एक गॅरेज, बारीक पाऊस, बाहेर ओळीनं उभे रिकामे ट्रक)

पावसाळा म्हटलं की सांगलीतल्या ट्रक गॅरेजवाल्यांना उसंत नसते. उसाच्या गाड्या आत्ता रिकाम्या आहेत, दसरा-दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की एक दिवस गाडी उभी ठेवायला मालकाला परवडत नाही, त्यामुळं पाटे, ब्रेक, बॉडी, जे काय असेल ते आत्ताच उरकून घ्यायचं. आणि या सगळ्यात सगळ्यात फालतू वाटणारं पण अख्खा दिवस खाणारं काम कुठलं, तर आटे, म्हणजे बोल्ट ज्यावर फिरत बसतो त्या गोल खाचा, गेलेला बोल्ट.

हा बघा. चेसीच्या, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याच्या, पुढच्या टोकाला जाड ब्रॅकेट आहे, त्यातच आटे पाडलेत, मागून हात जात नाही म्हणून नट लावायची सोय नाही. बोल्ट १२ एमएमचा. मिस्त्रींनी १९ चा पाना लावला, फिरवतायत, फिरवतायत, टाईट काय होईना. शेवटी उलटा फिरवून बाहेर ओढला तर बोल्टच्या खाचांत स्प्रिंगसारखी चकचकीत तार गुंडाळून आली.

"काय वो मामा, बोल्ट खराब झाला काय?" ड्रायव्हर.

"बोल्ट चांगलाय. ही तार दिसतीय न्हवं, हे भोकातलं आटं हैत."

तार निघाली म्हणजे ब्रॅकेट पोलादाचं. बिडाचं असतं तर तार नसती आली, नुसता काळा चुरा पडला असता.

आता हे होतं कशानं? गंज हे एक कारण आहेच, पण जास्त करून आपल्याच हातानं होतं. बोल्ट हातानं दोन-चार फेरे बसवायच्या आधीच बोल्ट फिरवायची गन लावायची, तो तिरका शिरतो आणि गन काय, ती आटे कापत आत जाते. नाहीतर पान्याला पाईप घालून दोघांनी लोंबकळायचं. तिसरं म्हणजे आट्याचं अंतर बघायचंच नाही. १२ एमएमचा बोल्ट १.७५ चा पण येतो, १.५ चा पण आणि १.२५ चा पण, डब्यात सगळे एकत्र पडलेले, डोळ्यानं कळत नाही. पिच गेज म्हणून पात्यांचा एक जुडगा मिळतो, स्वस्त असतो, पण किती गॅरेजमध्ये दिसतो ते तुम्हीच बघा.

बरं, आटे गेले तर बिघडतं काय, बोल्ट तर भोकात आहेच की, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण बोल्ट नुसता भोकात असून काम करत नाही. तो टाईट करतो म्हणजे आपण त्याला अगदी बारीक ताणतो, त्या ताणानं दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात आणि त्या दाबामुळं सरकत नाहीत. ताण गेला की ब्रॅकेट हलायला लागतं, भरलेली गाडी उसाच्या फडातून काळ्या मातीच्या खड्ड्यांतून बाहेर निघताना चेसी पिळते आणि महिन्या-दोन महिन्यात गोल भोक लांबट होतं. मग नुसते आटे दुरुस्त करून भागत नाही.

यावर रस्त्याकडेचा ठरलेला इलाज म्हणजे वेल्डिंग. बोल्टचं डोकंच चेसीला वेल्ड करून टाकायचं, दहा मिनिटात गाडी मोकळी. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. चेसीचा पत्रा ताकदीचा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याच्या शेजारची पट्टी बदलते आणि तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. गाड्या बनवणारे सुद्धा चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंग मारू नका असं बजावून सांगतात.

(पडद्यावर: ड्रिल मशीन, भोकाचा क्लोज शॉट)

मग करायचं काय. मागून हात पोचत असेल तर डोकं चालवायची गरजच नाही, भोक आरपार साफ करा, लांब बोल्ट, जाड वायसर, मागं नवा नट, संपला विषय. चेसीच्या पत्र्यातच नवे आटे पाडायच्या भानगडीत पडू नका. पत्रा साधारण ७-८ एमएमचा, १.७५ नं भागलं तर चारच आटे हातात येतात, आणि त्यातला पहिलाच जवळपास तिसरा हिस्सा भार उचलतो.

इथं मात्र हात पोचत नाही, पण ब्रॅकेट जाड आहे. दोन रस्ते. एक, १४ चा बोल्ट घालायचा. १४ एमएम, २ चं अंतर, १४ मधून २ गेले १२, म्हणजे १२ चं ड्रिल. १२ च्या भोकाचे आटे गेले की पुढचं माप जणू तयारच असतं. फक्त समोरच्या पार्टचं भोक पण मोठं करावं लागतं आणि तिथं जागा नसेल तर दुसरा रस्ता, कॉइल. स्टीलच्या तारेची गुंडाळी, तिच्यासाठी वेगळं ड्रिल, वेगळा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), माप पाकिटावर असतं. ती आत फिरवत न्यायची, तोंडापासून पाव ते अर्धा आटा खाली ठेवायची आणि टोकाचा दांडा ठोकून तोडून बाहेर काढायचा. बोल्ट जुनाच १२ चा राहतो.

मिस्त्रींनी १४ घेतला. ड्रिल सरळ आहे का ते गुण्या लावून दोन बाजूंनी बघितलं. मग टॅप. सेटमध्ये तीन असतात, पहिला टोकाला निमुळता, तोच आधी. तेल सोडायचं, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, चुरा तुटला पाहिजे. घाई केली आणि टॅप आत मोडला की कल्याण, तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला लागतच नाही.

"बारक्या, जोर लावू नगंस. अडकला की माग घे."

दुसरा टॅप, तिसरा टॅप, हवेनं भोक साफ. नवा बोल्ट आधी बोटांनी, शेवटपर्यंत, पाना न लावता. मग टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक्क वाजणारा पाना, त्यावर गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा, आणि टक्क वाजल्यावर हात काढायचा, वरून अजून एक पाव फेरा मारायची सवय सोडून द्यायची. पांढऱ्या पेंटची एक रेघ बोल्टवरून ब्रॅकेटपर्यंत ओढली, म्हणजे पहिल्या भरलेल्या खेपेनंतर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हललाय हे ड्रायव्हरलाच कळेल.

ड्रायव्हर पैसे विचारतोय तोवर मिस्त्री दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटखाली बॅटरी घेऊन शिरलेत.