दुधी डबा, नितळ डबा

[दृश्य: शेजारी शेजारी दोन डबे. एक धुरकट, दुसरा जवळजवळ आरपार.]

दोन्ही पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे. साचा तोच, जाडी तीच. फरक आहे तो हजार भागांत जेमतेम दोन भाग मिसळलेल्या एका पांढऱ्या भुकटीचा.

पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतं. रस निवू लागला की लांबलचक रेणूंचे काही भाग घड्या घालून शिस्तीत बसतात आणि स्फटिक तयार होतो. पण खरी अडचण सुरुवातीचीच. इवलासा स्फटिक बनतो आणि टिकायच्या आत पुन्हा रसात मोडून जातो. प्रयोगशाळेत सावकाश निववलं, तरी तापमान ११० ते ११५ अंशांपर्यंत उतरल्यावरच स्फटिकीकरण जोर धरतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शक, ध्रुवित प्रकाश.]

हे पाहा. काळोखात एक ठिपका उजळला. चहूबाजूंनी सारखा वाढतोय, आणि त्याच्या पोटात काळी फुली दिसतेय. हा स्फेरुलाइट, म्हणजे स्फटिकांचा गोळा. शेजारचा येऊन भिडला, की दोघांची वाढ तिथेच थांबते आणि मध्ये हद्दीची रेघ उमटते. फार सुंदर दृश्य आहे हे! पण सुरुवात मोजक्याच ठिकाणी झाली, म्हणून प्रत्येक जण ऐसपैस पसरला. काही तर शंभर मायक्रॉनपर्यंत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी एका मायक्रॉनहूनही कमी. एवढाल्या गोळ्यांमधून जाताना तो विखुरतो, आणि डबा दुधी दिसतो.

आता भुकटी घातलेला रस. सॉर्बिटॉलपासून बनवलेलं हे द्रव्य गरम रसात विरघळतं आणि निवताना, प्लॅस्टिकच्या आधी, अतिसूक्ष्म तंतूंचं जाळं विणतं. स्फटिकाला जागोजागी आयता पाया मिळतो. पडदा एकदम उजळला, पण सुटा गोळा एकही दिसत नाही. गोळे इतके बारीक राहिले, की प्रकाश फारसा विखुरत नाही आणि डबा नितळ दिसतो. स्फटिकीकरण आता १२५ अंशांच्या आसपासच होतं, म्हणून डबा साच्यातून लवकर निघतो आणि भरतोही अधिक कडक.

हेच काम कधी कधी न सांगता होतं. फ्थॅलोसायनिन निळा हा निव्वळ रंग म्हणून घालतात, पण त्याचे कणही स्फटिकांना पाया देतात. मग आकसण्याचं गणित बदलतं: पांढरं झाकण सपाट बसतं, त्याच साच्यातलं निळं वाकतं. त्यावर एक तोड अशी, की सगळ्याच रंगांत रंगद्रव्यापेक्षा प्रभावी न्यूक्लिएटिंग एजंट, म्हणजे स्फटिकांना पाया देणारं द्रव्य, घालायचं. मग रंग कोणताही असो, झाकणं जवळपास सारखीच आकसतात.