काटा, मोबाईल आणि किलोमीटरचा दगड

श्रोतेहो, नमस्कार.

धुळ्याहून जळगावकडे निघालेल्या चारचाकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. समोरच्या स्पीडोमीटरचा काटा 80 वर असतो आणि शेजारी लावलेल्या मोबाईलच्या नकाशावर मात्र 75 किंवा 76 असा वेग दिसत असतो. गाडी एक, रस्ता एक, क्षणही तोच, मग वेग दोन कसे? पुष्कळ जण काटा बिघडला असे समजून गाडी मेकॅनिककडे नेतात, तर काही जण मोबाईलला दोष देऊन मोकळे होतात. यांपैकी कोणावर आणि केव्हा विश्वास ठेवावा, हे आज आपण पाहणार आहोत.

उत्तर आधीच सांगून ठेवतो. कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, आणि तो तसा जाणूनबुजून ठेवलेला असतो. पुन्हा सांगतो, काटा थोडा जास्त दाखवतो हा त्याचा बिघाड नाही. बिघाडाची शंका घ्यायची ती काटा कमी दाखवू लागला तर.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा 39 क्रमांकाचा नियम अनेक देशांतील मोटारींसाठी प्रमाण मानला जातो. त्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, आणि जास्त दाखवायचा झाला तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक 4 किलोमीटर, एवढीच मुभा आहे. म्हणजे मोटार खरोखर 80 च्या वेगाने धावत असेल, तर काटा 80 पासून 92 पर्यंत कोठेही चालतो; 79 वर मात्र चालत नाही. अशा नियमाखाली कोणताही कारखानदार काटा अगदी काठावर ठेवण्याचा धोका पत्करणार नाही. तो दोन-चार किलोमीटर वरच ठेवणार.

हा वरचा हात लागतो तो टायरमुळे. गाडीला रस्त्यावरचे अंतर दिसत नाही, तिला फक्त चाकाचे फेरे कळतात. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून निघालेली केबल एक चुंबक फिरवते, त्या चुंबकाच्या ओढीने अॅल्युमिनियमची वाटी बारीक स्प्रिंगच्या विरुद्ध वळते आणि वाटीला जोडलेला काटा सरकतो. बर्लिनच्या ओटो शुल्झे यांनी या रचनेचे पेटंट 1902 मध्ये घेतले. नव्या गाड्यांत केबल गेली आणि फेरे मोजणारा सेन्सर आला. रचना कोणतीही असो, फेऱ्यांवरून अंतर काढताना टायरचा घेर ठरावीकच आहे असे धरून चालावे लागते, आणि तो तसा राहत नाही. नव्या टायरवर साधारण 8 मिलिमीटर खोल नक्षी असते, ती 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलायचा असतो, आणि तेवढ्या झिजण्याने घेर सुमारे दोन टक्क्यांनी कमी होतो. टायर झिजला की त्याच अंतराला फेरे जास्त पडतात आणि काटा आणखी थोडा वर जातो.

आता एक हकिकत सांगतो. मी मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना पुष्कळ वर्षे शिकवले आहे आणि ही हकिकत मी दर वर्गाला सांगत असे, कारण वरचे सगळे नियम तिच्यात एका सकाळीत दिसतात.

पारोळा तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्यांकडे जुनी डिझेल जीप होती. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत. जीपला टॅक्सीचा परवाना होता आणि लग्नसराईत, देवदर्शनाला ते ती किलोमीटरच्या दराने भाड्याने देत. लग्नाच्या निमित्ताने त्यांचा भाचा पुण्याहून स्वतःची नवी मोटार घेऊन आला होता. भाच्याला त्याच्या मोटारीत काटा जास्त आणि मोबाईल कमी, असे पाहण्याची सवय होती. पण मामांच्या जीपमध्ये बसून अमळनेरला जाताना त्याने मोबाईल समोर लावला, तेव्हा त्याला उलटेच दिसले. काटा 60 वर होता आणि मोबाईल 63 दाखवत होता. त्याने ते बोलून दाखवताच आप्पा रागावले. “मन्ही गाडीना काटा कधी खोटं बोलस नही, तुन्हा मोबाईलच खोटा शे,” असे त्यांनी सुनावले, आणि संध्याकाळी ओट्यावर बसल्यावरही तोच वाद चालू राहिला. शेवटी भाचा मला म्हणाला, “सर, आता तुम्हीच निवाडा करा.”

निवाडा करायचा तर तिसरा साक्षीदार हवा, आणि तो या दोघांवरही अवलंबून नसलेला हवा. असा साक्षीदार रस्त्याच्या कडेला उभाच असतो, तो म्हणजे किलोमीटरचा दगड. राष्ट्रीय महामार्गावर त्याचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावर हिरवा. रुंदीकरणाच्या कामात हे दगड बेफिकिरीने उपटले जातात, राहिलेले गाजरगवतात बुडतात, आणि नव्या जागी बसवताना अंतराची फारशी फिकीर केली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. सामान्य माणसाला फुकट मिळणारे हे एकमेव मोजमाप आहे आणि ते नीट राखले गेले पाहिजे. दोन दगडांतील अंतरात थोडा फरक असू शकतो, म्हणून आम्ही एका किलोमीटरवर न थांबता सलग 5 किलोमीटर मोजायचे ठरवले, म्हणजे कमीजास्त एकमेकांत मिटते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, ऊन आणि वाहतूक वाढण्याआधी, आम्ही पारोळ्याच्या पुढे एरंडोलच्या दिशेने सरळ पट्ट्यावर गेलो. आधी भाच्याची मोटार घेतली. भाचा चालवत होता, आप्पा पुढच्या आसनावर बसून दगडाकडे डोळे लावून होते आणि मी मागे घड्याळ घेऊन होतो. चालवणाऱ्याने घड्याळाकडे किंवा मोबाईलकडे पाहायचे नाही, ही माझी अट होती आणि ती मी प्रत्येकाला घालतो. काटा 80 वर स्थिर झाल्यावर पहिला दगड खिडकीच्या खांबाशी आला, आप्पांनी “हां!” म्हटले आणि मी घड्याळ सुरू केले. सहाव्या दगडाला पुन्हा “हां!” आले तेव्हा घड्याळात बरोबर 4 मिनिटे झाली होती. 4 मिनिटांत 5 किलोमीटर, म्हणजे ताशी 75. काट्यावर 80, मोबाईलवर 75, दगडांवर 75. आप्पांचा चेहरा उजळला, कारण भाच्याचा काटा चुकीचा ठरला असे त्यांना वाटले. मी त्यांना सांगितले की, “आप्पा, हा काटा नियमात बसतो. 75 च्या वेगाला त्याला साडेशहाऐंशीपर्यंत जायची मुभा आहे, आणि हा तर फक्त 80 वर आहे.”

मग जीप घेतली. आता आप्पा चालवत होते आणि दगडांची जबाबदारी भाच्याकडे होती. केबल कोरडी पडलेली असल्याने काटा थोडा थरथरत होता, तरी आप्पांनी कसलेल्या पायाने तो 60 वर धरून ठेवला. तेच दगड, तेच अंतर. या वेळी घड्याळात 4 मिनिटे 45 सेकंद झाले. हिशेब केला तर ताशी 63 किलोमीटर, जो आकडा मोबाईल आदल्या दिवशी दाखवत होता तोच. काटा खऱ्या वेगापेक्षा खाली होता. आणखी एक गोष्ट भाच्याने टिपली होती: दगडांनी 5 किलोमीटर दाखवले त्या अंतराला जीपचा किलोमीटरचा आकडा साडेचारच्या आसपासच पुढे सरकला होता.

जीप कडेला चहाच्या टपरीपाशी उभी करून मी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मागे लटकलेल्या स्टेपनीपाशी थांबलो. स्टेपनी मूळ मापाची होती, आणि खालची चारही चाके तिच्यापेक्षा उघड मोठी दिसत होती. टपरीवाल्याकडून सुतळी घेतली, स्टेपनीभोवती गुंडाळली आणि टेपावर धरली, तेव्हा घेर 2 मीटर 29 सेंटिमीटर भरला. रस्त्यावरच्या चाकाचा घेर भरला 2 मीटर 52 सेंटिमीटर, म्हणजे मूळ घेराच्या दहा टक्के जास्त. आप्पांनी सांगितले की, शेतात जाणाऱ्या गाडवाटेवर जीपचे पोट घासत होते, म्हणून एका मेकॅनिकच्या सल्ल्याने त्यांनी मोठे टायर चढवले होते. जीप उंच झाली, पण चाकाच्या एका फेऱ्यात आता दहा टक्के जास्त रस्ता मागे पडत होता आणि बिचाऱ्या काट्याला ते कळण्याचा काही मार्गच नव्हता. काट्यात मुळातला जो थोडा वरचा हात होता, तो मोठ्या टायरने पुसून टाकला आणि वर काटा कमी दाखवू लागला.

आप्पा बराच वेळ त्या सुतळीकडे पाहत राहिले. वेगाचे त्यांना फारसे वाटले नाही, पण किलोमीटरच्या आकड्याची गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली. “म्हंजे मी शंभरना पैसा लेस नि गाडी एकशे दहा पळस?” असे त्यांनी विचारले. होय, तसेच होत होते. टायर बदलल्यापासून दर शंभर किलोमीटरच्या भाड्यामागे ते दहा किलोमीटर फुकट नेत होते. एवढेच नव्हे, तर टायर बदलल्यापासून जीप डिझेल जास्त खाते अशी तक्रार घेऊन त्यांनी पंप उघडून घेतला होता. डिझेल खरेच किती वाढले ते वेगळे, पण अंतरच कमी नोंदले जात असल्याने लिटरमागचा हिशेब निदान तेवढा तरी खोटा निघत होता. त्यांनी घरी जाताच मूळ मापाचे टायर मागवले आणि गाडवाटेवर मुरूम टाकून घेतला. मुरूम टाकण्याचा निर्णय मला टायर बदलण्यापेक्षाही जास्त आवडला, कारण आपल्याकडे वाट दुरुस्त करण्याऐवजी गाडी उंच करण्याकडे फार कल आहे.

तर श्रोतेहो, लक्षात ठेवण्याची गोष्ट ही: मूळ मापाचे टायर असतील तर काटा जास्त दाखवतो, मोठे टायर चढवले तर तो कमी दाखवू शकतो. मूळ माप, काटा वर. मोठे माप, काटा खाली.

मोबाईलविषयी आता थोडक्यात. तो फेरे मोजत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून ताशी 14,000 किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश तो ऐकतो. त्यासाठी त्याला एका वेळी निदान चार उपग्रह लागतात. भुसावळच्या फलाटावर उभे असताना न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, तसाच बदल उपग्रहाच्या लहरींत होतो, आणि त्यावरून आपला वेग काढता येतो. डॉप्लर यांनी हे तत्त्व 1842 मध्ये मांडले. मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाने जाताना हा आकडा ताशी एखाद्या किलोमीटरच्या आत खरा असतो.

पण अटी ऐकल्या ना? मोकळे आकाश, सरळ रस्ता, स्थिर वेग. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना डोंगराच्या भिंतीने अर्धे आकाश झाकले जाते, वळणे लागोपाठ येतात आणि वेग सतत बदलतो. तेथे मोबाईल क्षणभर मागे राहतो आणि ब्रेक मारल्यानंतरही आधीचाच वेग दाखवत असतो. बोगद्यात तर तो निव्वळ अंदाज करतो. काट्याला यातली कोणतीच अडचण येत नाही. म्हणून गाडी चालवताना नजर काट्यावरच असावी आणि मोबाईलचा उपयोग त्या काट्याची पारख करण्यापुरता करावा. मोबाईल 5 किलोमीटर कमी दाखवतो म्हणून तेवढा वेग वाढवून चालवणारे तरुण मी पाहतो, आणि मला ते अजिबात पटत नाही; गर्दीच्या रस्त्यावर ते 5 किलोमीटर ब्रेकच्या कामाचे असतात.

आपल्या गाडीची पारख करायची असेल, तर सोबत दुसरे माणूस घ्या, सकाळची मोकळी वेळ निवडा, काटा एका आकड्यावर स्थिर ठेवा आणि एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी 3600 ला भागा. 45 सेकंद लागले तर वेग 80, 48 लागले तर 75, 60 लागले तर 60. उत्तर काट्यापेक्षा कमी आले, तर गाडीला हात लावण्याचे कारण नाही. उत्तर काट्यापेक्षा जास्त आले, तर टायरच्या बाजूवर कोरलेले माप आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील किंवा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील माप ताडून पाहा. दोन्ही सारखी नसतील, तर पुढच्या वेळी टायर घेताना दुकानदाराला पुस्तिकेतलेच माप मागा, आणि तोवर काटा जो वेग दाखवेल त्यापेक्षा आपण जास्त वेगाने जात आहोत, असे धरूनच गाडी चालवा.

नमस्कार.