नत्थाची बोली, धनियाची बाजू



मृत्यू आणि कर्जबाजारीपणा यांवर विनोद करणाऱ्या चित्रपटात प्रेक्षक नेमका कोणाला हसतो, हे फार काळजीने पाहावे लागते. २०१० साली प्रदर्शित झालेल्या अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’ या हिंदी चित्रपटाचा विषय शेतकऱ्याची आत्महत्या हा होता, त्यामुळे तेथे ही काळजी अधिकच आवश्यक होती. इंदूरच्या मराठी माणसाला हा चित्रपट दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. त्याचे चित्रीकरण आपल्याच मध्य प्रदेशात, रायसेन जिल्ह्यातील बडवई गावात झाले. आणि ज्या दुःखाची ही गोष्ट आहे, ते विदर्भात आजोळ असलेल्या येथील कुटुंबांना सांगावे लागत नाही. इंदूरहून खंडव्यामार्गे अकोल्याला जाणाऱ्या मीटरगेज गाडीने हे नाते कित्येक वर्षे जपले होते.

कर्जापायी जमीन जाण्याची वेळ आलेला नत्था, आत्महत्या केल्यास सरकारी मदत मिळते हे ऐकून त्याला पुढे करणारा थोरला भाऊ बुधिया, आणि ही बातमी फुटताच गावात येऊन ठाकलेले वाहिन्यांचे कॅमेरे व पुढारी, एवढीच कथा. अधिकारी नत्थाला मदत म्हणून हातपंप देऊन जातात. येथे हसू येते ते व्यवस्थेचे. नत्थाच्या गरिबीचे नव्हे.



हे साधले, याचे मोठे श्रेय मला पात्रनिवडीला द्यावेसे वाटते. आमिर खान यांच्यासारखा निर्माता पाठीशी असूनही नत्थाची भूमिका एखाद्या प्रसिद्ध नटाला न देता ओंकारदास माणिकपुरी या छत्तीसगढी कलावंताला देण्यात आली. ते नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’ या नाट्यसंस्थेतले. तन्वीर यांनी १९५९ साली स्थापन केलेल्या या संस्थेत पुढे छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील कलावंत आले, आणि त्यांच्यावर शहरी हिंदी लादण्याऐवजी तन्वीर यांनी त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू दिले. ‘चरणदास चोर’ या त्यांच्या गाजलेल्या नाटकात प्रेक्षकांना मनमुराद हसवणारा चोर अखेरीस आपले व्रत पाळण्यापायी जीव गमावतो. विनोदाच्या पोटात मृत्यू सांभाळण्याची ही रीत माणिकपुरी यांच्या पिढीला रंगभूमीवरूनच मिळाली असावी. ‘पीपली लाइव्ह’मधल्या ‘महंगाई डायन’ या गाण्यात बुधियाची भूमिका करणाऱ्या रघुवीर यादव यांच्या जोडीला बडवईची भजनी मंडळी गातात, आणि ‘चोला माटी के राम’ हे छत्तीसगढी गीत हबीब तन्वीर यांच्या कन्या नगीन तन्वीर यांच्या आवाजात येते. ग्रामीण माणूस पडद्यावर असणे आणि त्याची बोली, त्याचा सूर पडद्यावर असणे, यांत फार अंतर असते. ते अंतर या चित्रपटाने बरेच कमी केले.

विदर्भातील शेतकऱ्यांच्या एका संघटनेने त्यावेळी, हा चित्रपट शेतकऱ्यांची थट्टा करतो, असा आक्षेप घेतला होता. तो मला मान्य नाही, परंतु त्यामागची वेदना खरी आहे. ज्याच्या घरात असा मृत्यू झाला, त्याने हे हसू सहन करावे, असे आपण कोणत्या अधिकाराने म्हणणार?

माझा आक्षेप वेगळा आहे. नत्थाची बायको धनिया, जी भूमिका शालिनी वत्स यांनी विलक्षण ताकदीने केली आहे, तिच्या वाट्याला मुख्यतः संताप येतो. नत्था अपघातात मेला असे सर्वांनी गृहीत धरल्यावर, ही आत्महत्या नव्हे म्हणून मदतही नाकारली जाते. तरी तिच्या पुढच्या दिवसांकडे कॅमेरा फारसा वळत नाही. एकच वर्ष आधी, २००९ मध्ये, सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ या मराठी चित्रपटात हाच विषय काळ्या विनोदाच्या अंगाने हाताळला होता. तेथे नवरा जीव देईल या धास्तीने त्याच्यावर सतत नजर ठेवणारी अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी, कथेच्या मध्यभागी आहे, आणि विनोदही तिच्या भीतीतूनच निर्माण होतो. ‘पीपली लाइव्ह’ने धनियाला तेवढी जागा द्यायला हवी होती.