पोस्टर फेरारीचं, डोकं पोर्शेचं

नमस्कार मंडळी, आज न परवडणाऱ्या गाड्यांवर गप्पा मारू, बोलायला काय पैसे पडत नाहीत. इटलीची फेरारी एफ-४० आणि जर्मनीची पोर्शे ९५९. दोन्ही १९८७ च्या सुमारास गिऱ्हाइकांकडे जायला लागल्या, दोघींना दोन-दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारे पंखे), आणि स्वभाव मात्र एकदम उलटे.

पोर्शे मुळात ग्रुप बी नावाच्या रॅली शर्यतींच्या गटासाठी बनवायला घेतली होती, पण ती लोकांच्या हातात पडेपर्यंत तो ग्रुपच बंद झाला. तरी १९८६ ची पॅरिस-डकार ही वाळवंटातली रॅली तिने मारलीच, पहिला नंबर हिचा आणि दुसरापण हिचाच. आत काय काय भरलंय बघा, चारही चाकांना ताकद, त्यातली पुढे किती मागे किती ते कॉम्प्युटर ठरवणार, टायरमधली हवा कमी झाली तर गाडी स्वतः सांगणार, आणि हे कधी, तर आपल्याकडे मारुती ८०० मध्ये एसी असला की शेजारी बघायला यायचे तेव्हा! दोन टर्बो एकदम नाही सुरू होत, आधी एक, मग वेग वाढला की दुसरा जोडीला, म्हणजे धक्का बसत नाही. गियर सहा, पण पहिल्यावर आकडाच नाही, नुसतं 'जी', म्हणजे गेलांडे, खडबडीत रस्त्याचा गियर. किंमत ४,२०,००० मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) होती आणि तरी कंपनी प्रत्येक गाडीमागे तोट्यात.

आता फेरारी. कंपनीला ४० वर्षं झाली म्हणून काढलेली, आणि कंपनीचे संस्थापक, म्हातारे एन्झो फेरारी हयात असताना आलेली त्यांची शेवटची गाडी, पुढच्याच वर्षी ते गेले. हिच्यात कार्पेट नाही, रेडिओ नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. आतून दार उघडायला हँडलसुद्धा नाही हो, एक दोरी ओढायची! वजन वाचवायला रंगसुद्धा इतका पातळ मारलाय की जवळ जाऊन पाहिलं तर खालची कार्बन फायबरची वीण दिसते. ४७८ हॉर्सपॉवर, ताशी ३२४ किलोमीटर. पोर्शेचे ४५० आणि ३१७, म्हणजे कागदावर फार फरक नाही, पण फेरारीत टर्बो जागा होईपर्यंत वाट बघायची आणि जागा झाला की मग देवाचं नाव घ्यायचं.

गंमत पुढे आहे. एफ-४० आधी चारशेच करणार होते, झाल्या तेराशेच्या वर. ९५९ तीनशेच्या आसपास. तरी लिलावात साधारणपणे भाव जास्त खाते ती फेरारीच. का? माझं सरळ मत, पोस्टरमुळे. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडे भिंतीवर लाल एफ-४० होती, ग्रीसचे डाग पडलेली, आम्ही पंक्चर काढून होईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचो. ९५९ चं पोस्टर मी आजपर्यंत कुठे पाहिलं नाही. त्या पिढीतल्या ज्यांच्याकडे पुढे पैसा आला त्यांनी पोस्टर विकत घेतलं, दुसरं काय.

मला कोणी फुकट देत असेल तर मी ९५९ घेईन, रोज चालवता येईल अशी आहे. आणि एफ-४० घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिच्या पेट्रोलच्या टाक्या म्हणजे रबराच्या पिशव्या, दहाएक वर्षांनी बदलाव्याच लागतात, मग गाडी फिरवा नाहीतर नुसती झाकून ठेवा. ९५९ वाल्यांनी पण फार हसू नका, तिचं ते हायड्रॉलिक सस्पेन्शन गळायला लागलं की बिल बघून खाली बसाल.