‘राहून गेलं’ असं लिहू नका
(इंदूर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रोज १० मिनिटं आपल्याच दिवसाकडे बघायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती भाषेची. वही उघडून आपण लिहितो, “मावशीला फोन करायचा राहून गेला.” “निघायला उशीर झाला.” “रागाच्या भरात बोललं गेलं.” या तिन्ही वाक्यांत करणारा कुठे आहे? मराठीने लपायला फार सोयीची जागा करून ठेवली आहे. आपल्या इंदुरी बोलण्यात हिंदी मिसळते, तिथेही ‘रह गया’ तयारच असतं. चारचौघांत ही मऊ वाक्यं हवीतच, त्यांच्यावर तर संसार चालतात. वहीत मात्र ती चालत नाहीत.

म्हणून तेच वाक्य ‘मी’पासून पुन्हा लिहायचं. “मी ८ला निघणार होतो, ८.१० पर्यंत मोबाइल बघत बसलो.” आता काहीतरी हाताला लागलं. पण याचाही अतिरेक होतो. रेल्वे फाटक बंद मिळालं, तर तो उशीर ओढून अंगावर घेऊ नये. आपल्या हातात असलेला शेवटचा क्षण कोणता, एवढंच शोधावं. नाही सापडला, तर ‘उशीर झाला’ हेच खरं वाक्य.

दुसरं, घटना आणि शेरा वेगळे ठेवा. २०१७पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या येणाऱ्या शहराला ओला-सुका मी काय शिकवणार! “मी फार तापट आहे” हा शेरा. “साडेसातला, जेवणाआधी, मुलाने तिसऱ्यांदा चार्जर मागितला आणि मी ओरडलो” ही घटना. शेरा लिहून फक्त वाईट वाटतं. घटना मोजता येते. समजा १५ दिवसांत अशा ६ नोंदी झाल्या आणि त्यातल्या ५ संध्याकाळी ७ ते ८ मधल्या निघाल्या. मग स्वभाव बदलण्याचं व्रत घेण्याआधी साडेसहाला मूठभर फुटाणे खाऊन बघावेत. पुढचे १५ दिवस तीच वेळ पुन्हा तपासायची. फरक पडला नाही, तर कारण भूक नव्हतं, दुसरं शोधायचं.

अठराव्या शतकातला अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन, त्याने छोट्या वहीत तक्ता आखला होता: वारांचे ७ रकाने, गुणांच्या १३ ओळी, चूक झाली की काळा ठिपका. आठवडाभर मुख्य लक्ष एकाच गुणावर, म्हणजे १३ आठवड्यांची एक फेरी आणि वर्षात ४ फेऱ्या. सगळ्यात जास्त छळलं ते नीटनेटकेपणाने, हे त्याने आत्मचरित्रात कबूल केलं आहे. त्याचे १३ गुण उचलायची गरज नाही, एका वेळी एक हे मात्र घ्यावं. आणि ठिपक्याशेजारी वेळ लिहावी. नुसता ठिपका चूक झाली एवढंच सांगतो, का झाली ते सांगत नाही.

लिहायची वेळ झोपेआधीची धरू नका. डोळे मिटत असताना लिहिलेलं सगळं उदास निघतं, आणि पाहुणे आले की सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाण्यातच १२ वाजतात. जेवण, शतपावली, मग ३ ओळी: काय घडलं, त्याच्या आधी काय चाललं होतं, पुढच्या वेळी कुठे काय वेगळं करणार. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी आठवून भरू नका. आठवण आपल्याच बाजूने साक्ष देते. तारीख घालून जागा कोरी सोडा. सगळे गुरुवार कोरे दिसले, तर तीही नोंदच.

घरात कुणी वाचेल हा धाक असेल तर वही नटायला लागते. नावांची नुसती आद्याक्षरं घाला. भरलेल्या वहीचं काय करायचं, असं नेहमी विचारतात. अजून उपयोगी पडणाऱ्या ४-५ ओळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायच्या आणि जुनी फाडून सुक्या कचऱ्यात टाकायची. गाडी सकाळी येतेच.