ठोका आहे, पण कुठे?

सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतोय तो सहा आठवड्यांचा गर्भ. काळा गोल म्हणजे सॅक, गर्भाभोवतीचं पाण्याने भरलेलं आवरण. तिच्यात लुकलुकणारा ठिपका म्हणजे हृदय. ठोका दिसला की जीव भांड्यात पडतो. पण या बाईंचं पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालेलं आहे, म्हणून डॉक्टरांची नजर ठोक्यावर थांबत नाही. सॅक रुजलीय कुठे, ते त्या शोधतायत.

गर्भपिशवीची पोकळी पाहा, रिकामी. खाली पिशवीच्या तोंडाचा मार्ग, तोही रिकामा. सॅक बसलीय मधल्या अरुंद भागात, पुढच्या भिंतीत, जिथे मागे टाके पडले होते. व्रण भरून येताना तिथे खाच राहून गेली होती. पलीकडे लगेच मूत्राशय. मध्ये उरलेला स्नायूचा थर जेमतेम 2 मिलिमीटर.

नेमकी इथेच गफलत होते. गर्भपात होत असतानाही सॅक घसरत याच भागात येते. म्हणून डॉक्टर प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या दांडीने, हलकेच दाबतात. सुटलेली सॅक सरकते, रुजलेली जागची हलत नाही. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी, लावला की रुजलेल्या सॅकभोवती रंग उमटतात. एवढं न पाहता 'गर्भ पडतोय, पिशवी साफ करू' असं ठरलं, तर त्या पातळ व्रणातून सुटलेलं रक्त आवरणं फार कठीण जातं. प्रसंगी गर्भपिशवीच काढावी लागते.

सिझेरियनच्या व्रणात रुजलेल्या अशा गर्भाची पहिली नोंद 1978 ची. आजही तो विरळाच, साधारण 2000 गरोदरपणांत एक. पण सिझेरियन वाढली तशा या नोंदीही वाढल्या.

सहावा-सातवा आठवडा आणि योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, निदानाची खरी संधी हीच. पुढे सॅक वाढत पोकळीकडे सरकते आणि चित्र चारचौघींसारखं दिसू लागतं. वार (प्लासेंटा) मात्र व्रणातच रुतत जाते. रक्ताच्या तपासणीत जागा कळत नाही. कित्येकींना दुखत नाही, रक्तही जात नाही. म्हणून आधी सिझेरियन झालं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कागदावर लिहिलेलं असलं तरी तोंडाने सांगा. चित्र स्पष्ट नसेल, तर घाईने पिशवी साफ करण्याआधी अनुभवी डॉक्टरांकडून सोनोग्राफी पुन्हा करून घेता येते.

डॉक्टर प्रोब बाजूला ठेवतात, खुर्ची जवळ ओढतात. वेळेत कळल्यामुळे इंजेक्शन, सोनोग्राफीत पाहत केलेलं सक्शन, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, असे मार्ग उरले आहेत. पण त्याआधी ठोक्याबद्दल बोलायचं आहे. त्या हळू आवाजात सुरुवात करतात.